एका पत्त्यावरचे सहा

धम्मानंदने तो चार आकड्यांचा इंटरनेट पत्ता पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातला, यादीच्या शेवटच्या ओळीत चिकटवला आणि करंगळीने एंटर दाबला. एका फटक्यात सहा शेजारी हद्दपार झाले. पडद्याच्या डाव्या कडेला सहा हिरवे ठिपके होते, ते विझले. त्याने कपातला गार झालेला चहा संपवला आणि तो समाधानाने खुर्चीत मागे रेलला.

"कुणाला हाकललं आज?" रेणुकाने विचारलं. ती चाकूरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायची आणि साडेनऊच्या बससाठी डबा भरत होती.

"आहेत सहा भुरटे."

"कुठले?"

"नांदेड जिल्हा दाखवतंय." धम्मानंद नाकातून हसला. "दाखवायला काय जातंय. नांदेडकडे कोण नोड चालवणार?"

नोड म्हणजे काय हे रेणुकाला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ऐकून घ्यावं लागलं होतं. जगभरातले काही हजार संगणक एका आभासी नाण्याचे व्यवहार आपसात तपासतात, आलेली खबर पारखून घेतात आणि पुढच्याला देतात. मधे बँक नाही, साहेब नाही. असा प्रत्येक संगणक म्हणजे नोड, आणि तो ज्यांच्याशी बोलतो ते त्याचे शेजारी. धम्मानंदचा नोड टीव्हीखालच्या कप्प्यात सात वर्षं अखंड चालू होता. हे नाणं गुपित राखण्यासाठी प्रसिद्ध होतं. कोणी कोणाला काय धाडलं ते बाहेरच्याला कळत नसे. त्यामुळे काही लोकांना नेमकं तेच जाणून घ्यायची हाव सुटली होती. ते डझनाने खोटे शेजारी उभे करत, साळसूदपणे गप्पांत सामील होत आणि कोणती खबर कुठून निघाली ते टिपून ठेवत. अशांना ओळखून दाराबाहेर ठेवणं हा धम्मानंदचा उद्योग होता. त्यातून त्याला दमडी मिळत नव्हती. मिळत होता तो लोकांना तुच्छ लेखण्याचा हक्क, आणि तेवढ्यावर त्याचं पोट भरत होतं.

तसा तो हक्क त्याने नुसत्या हेरांपुरता कधीच ठेवला नव्हता. लातुरात तो एका मोठ्या क्लासचे सर्व्हर सांभाळायचा. तिथे बारा-बारा तास घोकणारी पोरं, त्यांना गेटवर सोडून दिवसभर रसवंतीत बसून राहणारे बाप, फळ्यासमोर विनोद करून टाळ्या घेणारे सर, सगळे त्याच्या लेखी एकाच मापाचे. रिंग रोडच्या हॉटेलांत कोट घालून 'कॉइन'च्या स्कीमा सांगणारे आणि ग्रामसेवकांना, गुरुजींना टोप्या घालणारे लोक नुसते दिसले तरी त्याला शिसारी यायची. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण आपण 'नोड' म्हणावं आणि समोरच्याने 'किती दिवसांत डबल?' असं विचारावं, हे इतक्यांदा झालं होतं की त्याने सांगणंच सोडून दिलं होतं. नांदेड जिल्ह्यातलं बिलोलीचं घर सुटून त्याला एकवीस वर्षं झाली होती. त्यातली चार पुण्यात गेली, आणि तिथे त्याने जिभेवरचं 'हाय-न्हाई' घासून घासून काढून टाकलं. या मुलखातून काही निपजेल ही आशा त्याने सोडली होती, आणि ती सोडल्याचा त्याला अभिमान होता.

म्हणूनच यादीवाल्यांमध्ये त्याचं नाव ओल्सेन होतं.

संशयित शेजाऱ्यांची एक सामायिक यादी चौघे मिळून ठेवत. एक ब्राझीलचा, एक पोलंडचा, एक कुठला ते कोणालाच माहीत नाही, आणि चौथा ओल्सेन. निम्मं जाळं ती यादी डोळे मिटून उतरवून घ्यायचं. यादीत पत्ता आला की त्या पत्त्याशी कोणी बोलेनासं व्हायचं. चौघांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती. ओल्सेन हे नाव धम्मानंदने फार विचार न करता उचललं होतं. एकदा ब्राझीलवाल्याने "तुमच्याकडे बर्फ पडायला लागला का?" असं विचारलं, तेव्हा त्याने "भरपूर" असं उत्तर दिलं. बाहेर बेचाळीस अंशांच्या उन्हात डांबर पाघळत होतं. तेव्हापासून तो बर्फाकडचाच झाला आणि त्याने कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

या सहांविरुद्धचा त्याचा पुरावा चोख होता. सहाही एकाच पत्त्यावरून येत होते. घ्यायचे भरपूर आणि द्यायचे चमच्याने. आणि मुख्य म्हणजे सहाही एकाच क्षणी गप्प व्हायचे, काही तासांनी एकाच क्षणी उठायचे. म्हणजे सहांच्या मागे हात एकच होता. त्याने पाच आठवड्यांचा आलेख काढला. निळ्या रेघा, आणि त्यांत ठरावीक वारी ठरावीक वेळी पडलेली भगदाडं. पोलंडवाल्याने लिहिलं, 'ओल्सेन, फार सुंदर काम.' ओल्सेन म्हणजे आपणच असं सांगत धम्मानंदने ते रेणुकाला दाखवलं. तिने चष्मा न लावताच "छान हाय" म्हटलं.

खरं तर एका पत्त्यावरून बरेच जण येणं हा काही गुन्हा नव्हे. जर्मनीतल्या एका वसतिगृहातून अकरा नोड यायचे. त्यांच्याबद्दल कोणी शंका काढली तेव्हा ओल्सेननेच शेरा मारला होता, 'विद्यार्थी असावेत, राहू द्या.' पण ती जर्मनी होती.

यादीत आलेल्याला दाद मागायची सोय होती. पाचव्या दिवशी त्या पत्त्यावरून अर्ज आला. इंग्रजी शाळेच्या निबंधातलं होतं, पण नेटकं. 'आम्ही सहा जण आहोत. आम्ही हेर नाही. आमची चूक काय ते कळवावे, आम्ही दुरुस्त करू.' धम्मानंद क्लासच्या सर्व्हरखोलीत डबा खात होता. उजव्या हाताला भाजी लागलेली, म्हणून त्याने डाव्या हाताने उत्तर टाइप केलं. 'नकाशावर मी ती जागा पाहिली. तिथे कोणी नोड चालवत नाही. पुढच्या वेळी खोटं बोलायला जरा बरी जागा निवडा.' खाली ओल्सेन. अर्ज फेटाळला आणि त्याने भाकरीचा उरलेला तुकडा तोंडात घातला. या साऱ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

शनिवारी रेणुकाची शाळा सकाळची असायची. ती घरी येऊन तोंडावर पाणी मारते न मारते तोच दार वाजलं. दारात बावीस-तेवीस वर्षांची मुलगी उभी होती. पाठीवर सॅक, ओढणी डोक्यावरून घेऊन मानेशी गाठ मारलेली, चेहरा उन्हाने तापलेला.

"जयभीम ताई. धम्मानंद सर इथंच राहतेत का?"

"जयभीम. हाव, इथंच. ये की आत. कुठनं आलीस बाई एवढ्या उन्हाची?"

"कंधारहून. समीक्षा नाव हाय माझं. सर वळखत न्हाईत मला. नांदेडला त्यांचं भाषण झालं होतं, ते मी ऐकलं होतं."

धम्मानंद आतून बाहेर आला तो कपाळाला आठी घालूनच. ते भाषण त्याला चांगलं आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या एका कॉलेजने त्याला बोलावलं, आणि सूत्रसंचालकाने त्याची ओळख 'सुप्रसिद्ध गुंतवणूक तज्ज्ञ' अशी करून दिली. माइक मधेमधे जात होता. समोरची चाळीसेक पोरं एकतर मोबाइलमध्ये होती नाहीतर जांभया देत होती. शेवटी चिडून तो म्हणाला होता, "हे तुमच्याच्याने होणार नाही. पण असं काही असतं, एवढं तरी माहीत असू द्या." घरी येऊन त्याने शाल खुर्चीवर फेकली होती आणि दगडांपुढे बोलून आलो असं रेणुकाला सांगितलं होतं.

"बोल," तो म्हणाला. "काय काम काढलंस?"

"आम्ही बी नोड चालवून राहिलो, सर."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सहा जण हाव. विहाराची अभ्यासिका हाय आमच्याकडं. एका बँकेनं काढून टाकलेले कम्प्युटर मिळाले होते, ते आम्हीच दुरुस्त केले. तुमचं भाषण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीच ठरवलं आम्ही. पण जमायला दीड वर्ष गेलं."

"यात पैसे मिळत नाहीत."

"ते तुम्ही सांगितलंच होतं की भाषणात."

धम्मानंदने तिला बस म्हटलं, पण स्वतः उभाच राहिला. असले उत्साही जीव त्याने पाहिले होते. दोन प्रश्न विचारले की हवा निघते. त्याने विचारलं, जाळ्याची सगळी जुनी नोंद ठेवायला डिस्क कुठून आणलीत? एकाकडं पूर्ण ठेवलीय, बाकी पाच जणांकडं छाटलेली, ती म्हणाली. त्याने त्याहून अवघड विचारलं. तिने थोडा विचार करून बरोबर सांगितलं. तिसरा प्रश्न त्याने मुद्दाम असा काढला की तो पोलंडवाल्यालाही चटकन आला नसता.

"ते मला न्हाई माहीत," ती सरळ म्हणाली, आणि सॅकमधून वही काढून तिने प्रश्न मागच्या पानावर लिहून घेतला.

धम्मानंदला हे आवडलं नाही. थापा मारणाऱ्यांसाठी त्याच्याकडे तयार वाक्यं होती, ती तशीच तोंडात राहिली. तो समोर बसला.

तिने मग सगळं सांगितलं. हे जाळं बांधणाऱ्या प्रोग्रॅमरांच्या गटाने वर्षभराची उमेदवारी, म्हणजे शिकत काम करायची जागा, जाहीर केली होती. घरी बसून काम, महिन्याला पगार, शिकवायला त्यांचीच माणसं. जगातून तिघांना घेणार होते. अटी दोन. नोड तीन महिने चालू असावा आणि बंदीच्या यादीत नसावा, ही पहिली. दुसरी, गट ज्याला पाच वर्षं ओळखतो अशा कोणाची तरी शिफारस. अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. सहा जणांनी मिळून समीक्षाचं नाव ठरवलं होतं. तिची निवड झाली तर जे शिकेल ते तिने बाकीच्या पाचांना शिकवायचं. अभ्यासिकेच्या समितीनेही तेवढ्या आशेवरच त्यांना टेबल दिलं होतं. सोमवार हुकला तर टेबल पोलीस भरतीच्या पोरांना परत जाणार होतं आणि सहा कम्प्युटर माळ्यावर.

"आन् नऊ दिवस झाले सर, आमच्याशी कोणीच बोलंना झालंय," ती म्हणाली. "सहाच्या सहा मुके झालेत. जोडायला जावं तर समोरचा दार लावून घेतो. आमचं काय चुकलं तेच कळंना. म्हणून म्हणलं, तुम्हाला दाखवावं."

तिने लॅपटॉप उघडून त्याच्याकडे वळवला. धम्मानंदने पत्त्याचे पहिले दोन आकडे वाचले आणि पुढचे दोन न वाचताच त्याला माहीत होते.

त्याने विचारलं, "एकाच पत्त्यावरून सहाही?"

"सहा कुठं, अख्ख्या गल्लीला तोच हाय. केबलवाले वीरभद्रअण्णा एकच पत्ता सगळ्यांना वाटून देतेत. येगळा मागितला तर म्हणले, कलेक्टर हाव का तुम्ही?"

रेणुका स्वयंपाकघरातून हसली. धम्मानंदला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. केबलवाले असं करतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. स्वतःला वेगळा पत्ता मिळावा म्हणून तो लातुरात महिनाभर भांडला होता.

"आणि सगळे एकाच वेळी बंद कसे पडतात?" त्याने विचारलं.

 समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. बंद पडण्याबद्दल तिने अजून काही सांगितलंच नव्हतं.

"लाइट जाते की सर," ती सावकाश म्हणाली. "सोमवार ते बुधवार सकाळी आठ ते बारा. गुरुवार ते शनिवार दुपारी दोनला जाते ती सहाला येते. रविवारी जात न्हाई. लाइट आली की सहाही आपोआप चालू व्हतेत, तसं करून ठेवलंय. आन् नेट बी असंच. बाहेरचं आत लवकर येतं, आतलं बाहेर जायला रडतं."

आलेखातलं एकेक भगदाड धम्मानंदला दिसू लागलं. सोम, मंगळ, बुध, आठ ते बारा. बिलोलीच्या घरात हेच वेळापत्रक त्याची आई दारामागे कोळशाने लिहून ठेवायची. दळण कधी न्यायचं ते त्यावर ठरायचं. जे तिथलं शेंबडं पोर एका नजरेत ओळखेल, ते सात वर्षं नोड चालवणाऱ्या या विद्वानाला पाच आठवडे निळ्या रेघा ओढूनही कळलं नव्हतं. लातूरच्या घरात इन्व्हर्टर होता, आणि लाइट जाणं ही गोष्ट तो विसरून गेला होता.

"थांब जरा, मी आत बघून येतो," तो म्हणाला.

आतल्या खोलीत जाऊन त्याने दार लोटून घेतलं. यादी उघडली, ती ओळ शोधली, पुसली. कारणाचा रकाना समोर आला. चुकून निर्दोष माणसावर बंदी घातली तर घालणाऱ्याने यादीचं काम सोडावं, हा नियम चौघांच्या गटात ओल्सेननेच आणला होता. त्या वेळी त्याच्या मनात ब्राझीलवाला होता. धम्मानंदने रकान्यात 'दुबार नोंद' असं लिहिलं आणि बाहेर आला.

"लाइनमध्ये जरा घोळ होता. तिकडच्या एकाला सांगितलंय. बघ आता."

समीक्षाने कंधारला सत्यमला फोन लावला. सहांतला तो एक. पलीकडे बराच वेळ टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, "एक जोडला? कुठला? बरं. बघत राहा." फोन ठेवून तिने कपाळावरचा घाम ओढणीने टिपला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने घामाबरोबरच पुसलं.

"तुमच्या एका शब्दावर झालं, सर."

"हं," धम्मानंद म्हणाला.

रेणुकाने भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या ताटल्या आणल्या, वर लिंबू, शेंगदाणे, कोथिंबीर. मुलीला भूक लागली होती. सकाळी सातला निघाले होते, ती म्हणाली, आणि खाता खाता तिची भीड चेपली.

"आम्ही दाद बी मागितली होती, ताई. यादीवाल्यांत ओल्सेन म्हणून कोणी हाय. त्याचंच उत्तर आलं." तिने फोनवर ते काढलं, आधी इंग्रजीत वाचलं आणि मग रेणुकासाठी मराठीत सांगितलं. तिथे कोणी नोड चालवत नाही. खोटं बोलायला जरा बरी जागा निवडा.

"काय नाव म्हणलीस?" रेणुकाने विचारलं.

"ओल्सेन. बर्फाकडचा कुठला तरी असंल."

शनिवारी या वेळेला रेणुका हमखास आडवी व्हायची. तिने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"मग? लई वाईट वाटलं असंल."

"पोरांना वाटलं. सत्यम दोन दिवस जेवला न्हाई. मला न्हाई एवढं वाटलं," समीक्षा म्हणाली. "परका माणूस, ताई. त्यानं कंधार कुठं बघितलंय? आपल्यातल्या कुणी म्हणलं असतं तर लागलं असतं."

धम्मानंद ताटलीतले शेंगदाणे एका कडेला काढत राहिला. त्याला शेंगदाणे आवडत होते.

खाऊन झाल्यावर तिने हात धुतले आणि अर्ज उघडला. तिचं सगळं भरून झालं होतं, शिफारशीचं पान तेवढं कोरं होतं. "इथं तुमचं तिकडचं नाव टाकायचं, सर. गट ज्या नावानं वळखतो ते."

"माझी शिफारस तिथे चालेल असं मला वाटत नाही."

"चालंल की," रेणुका म्हणाली. "लई मान हाय यांना तिकडं."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती मुलीच्या रिकाम्या ग्लासात पाणी ओतत होती.

अजून मार्ग होते. पोलंडवाल्याला गळ घालता आली असती, सोमवारपर्यंत बघू म्हणता आलं असतं, नेट गेलं म्हणून लॅपटॉप मिटता आला असता. प्रत्येक सबब त्याने कधी ना कधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली होती आणि तो माणूस गेल्यावर रेणुकाला त्याची नक्कल करून दाखवली होती. त्याला स्वतःची शिसारी आली. शिसारी त्याला नवी नव्हती, पण आजवर ती नेहमी दुसऱ्यांच्या वाट्याला गेली होती. समोर मुलगी कीबोर्डकडे बघत शांत बसली होती, आणि सोमवारला दोन दिवस होते.

त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि पाच इंग्रजी अक्षरं टाइप केली.

समीक्षाने वाचलं.  तिने फोन उचलला, ते उत्तर पुन्हा उघडलं आणि फोन पडद्याशेजारी धरून दोन्ही नावं ताडून पाहिली. वर पंखा फिरत होता. दोन वाजत आले होते आणि कंधारची लाइट आता जाणार होती.

"हेच?" तिने विचारलं.

"हेच."

तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"मगाशी तुम्ही आत जाऊन पुसलंत ते बी तुम्हीच घातलेलं."

"हो." त्याने हात कीबोर्डकडे नेला. "समीक्षा, मला वाटलं… आपल्याकडे कोणी… मी नाव काढून टाकतो. दुसऱ्या कोणाला तरी सांगतो."

"राहू द्या, सर. नाव कामाचं हाय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला तोंड देता आलं असतं. रिंग रोडच्या हॉटेलातल्या कोटवाल्यांबद्दल तो स्वतः ज्या आवाजात बोलायचा, तोच हा आवाज होता. फक्त तिने तो वयाच्या तेविसाव्या वर्षी, एका दुपारीत कमावला होता. तिने पान पुढे सरकवलं. पुढचा प्रश्न आला. तुम्ही उमेदवाराला व्यक्तिशः ओळखता का? खाली दोन गोल होते, हो आणि नाही.

धम्मानंदने बाण 'हो'वर नेला.

"न्हाई करा, सर," समीक्षा म्हणाली.

त्याने 'नाही' केलं. त्याबरोबर खाली एक मोठा रिकामा चौकोन उघडला. ओळखत नसाल तर शिफारस कशावरून करता, ते सविस्तर लिहा. रेणुकाने ताटल्या गोळा केल्या आणि ती आत गेली. समीक्षाने लॅपटॉप त्याच्या आणखी जवळ सारला, खुर्ची थोडी मागे घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"माझी बस साडेचारची हाय," ती म्हणाली. "लिहा सावकाश."